एकशे नऊ

फेब्रुवारीतली रात्र, साडेदहा वाजले असतील, जेवण होऊन मी बाजेवर पडलो होतो आणि फोन वाजला. आमच्या धुरकरी, म्हणजे बांधाला बांध असलेल्या, भाऊंची पोरगी. अमरावतीला होस्टेलवर राहते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एरवी ही पोरगी फोन केला की आधी काकूची चौकशी करते, मग आमच्या गाईचं वासरू केवढं झालं ते विचारते, मग कामाचं बोलते. त्या रात्री तिनं फक्त विचारलं, "काका, बाबा कुठी हायेत?" आवाज बसलेला. म्हटलं वावरात असतील बाई, हरभऱ्याच्या जागलीले, कुठी जातील. तर म्हणे फोन बंद येऊन रायला दोन घंट्यापासून. म्हटलं चार्जिंग संपली असन. मग ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, नुसता श्वास ऐकू येत होता आणि मागं पोरींचा गलका. मग म्हणाली, "मले एका मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर गोष्ट पाठोली काका. लहानशीच हाय. ते बाबाचीच हाय. आमचाच बैल हाय त्यात, बाबाचा लाल दुपट्टा हाय. आन् शेवटी..." पुढं तिला बोलता आलं नाही.

ती गोष्ट मी लिहिली होती.

ऑनलाइन लिहिणाऱ्या मंडळींनी ठेवलेल्या शतशब्दकथा स्पर्धेला मी ती पाठवली होती. निकाल लागेपर्यंत लेखकाचं नाव झाकलेलं असतं, त्यामुळं कोणाची ते कोणाला माहीत नाही, पण गोष्ट लोकांना आवडली आणि नावाशिवाय फिरत फिरत अमरावतीच्या त्या होस्टेलात जाऊन पोचली. तिला हे सांगायची ती वेळ नाही असं मी स्वतःला समजावलं. म्हटलं ठेव फोन, मी पाहून येतो आन् तुले लावतो. चपला घातल्या, ब्याटरी घेतली, गाडी काढली. नाल्यापर्यंत गाडी जाते, पुढं पायवाट. भाऊ बरे आहेत हे मला पक्कं माहीत होतं, दुपारीच आम्ही धुऱ्यावर बसून चहा प्यालो होतो, दुसऱ्या दिवशी ओलीत करायचं म्हणून त्यांनी संध्याकाळी माझे स्प्रिंकलरचे चार पाइप नेले होते. पण नाला चढून वर आलो आणि समोर नुसता अंधार, आमच्या विजेच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची पाळी, तीन फेज बारा वाजता येणार, कुठं एक बल्ब नाही. हरभऱ्याच्या आंबीनं, पानांवरच्या त्या आंबट दवानं, प्यांट ओली होऊन पायाला चिकटत होती, ती आंब आणि थंडी आणि कुठंतरी टिटवी ओरडतेय, आणि मी चालता चालता माझीच गोष्ट खरी मानायला लागलो. मी त्या गोष्टीत जे जे लिहिलं होतं ते एकेक करून समोर येत गेलं. तोच धुरा, तेच बाभळीचं खोड, तीच वाट. मी हाक मारली नाही. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर काय, ह्या भीतीनं मारली नाही.

वाटेत त्यांची विहीर लागते, कठडा नसलेली.

मी विहिरीत ब्याटरी मारली. पाणी अगदी शांत होतं, वर बाभळीची पानं आणि एक चेंडू, बहुतेक मागच्या उन्हाळ्यात पोट्ट्यांचा गेलेला. किती वेळ पाहत होतो माहीत नाही. तेवढ्यात माळ्यावरून खोकला ऐकू आला आणि पाठोपाठ, "कोन व्हय?" मी म्हटलं, मी. "एवढ्या रातचा?" म्हटलं, लाइन आली का पाहाले आलतो. "लाइन बारा वाजता हाये नं बावा, काऊन आला थंडीत," असं म्हणत भाऊ वाकळ अंगावर ओढून माळ्यावरून खाली उतरले, खाली ढवळ्या बांधलेला होता, त्यानं नुसती मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा कुटारात तोंड घातलं. मी पोरीला फोन लावून भाऊंच्या हातात दिला. "हाव, जेवलो. हाव, भरीत केल्तं तुह्या मायनं. नाही वो बाई, चार्जिंग नव्हती. काऊन रडून रायली? अवो पन झालं काय?" मग बराच वेळ ते नुसते "हाव, हाव" करत राहिले. फोन परत देताना म्हणाले, "पोट्टीले सपन पडलं असन." आणि शेकोटीतला निखारा उकरून त्यांनी मला बिडी पुढं केली. मी बिडी ओढत नाही. त्या रात्री घेतली.

आता ही शंभर शब्दांची गोष्ट काय असते ते लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना सांगायला नको, सगळे शशक म्हणतात तिला. शंभर म्हणजे शंभर, नव्याण्णव नाही आणि एकशे एक नाही, शीर्षक मोजायचं नाही. मला हा प्रकार पहिल्यापासून फार आवडला, कारण मी लिहितो ते वावरात, मोबाइलवर, लाइनची वाट पाहत, मोटर सुरू करून पाणी सऱ्यांमधून शेवटापर्यंत जाईस्तोवर जो वेळ मिळतो त्यात. तेवढ्यात मोठं काही होत नाही, शंभर शब्द होतात. आणि मराठी भाषा ह्या खेळाला फार चांगली आहे असं मला वाटतं, आपल्याकडं शब्दाला मागून जोडता येतं. "वावरातल्यांसाठीसुद्धा" हा आख्खा एक शब्द धरतात, त्यात जागा आहे, माणसं आहेत, त्यांच्यासाठी काहीतरी आहे आणि वर "सुद्धा" पण आहे. अशा जोडाजोडीत मी तासन् तास रमलो आहे. बोटावर मोजायचं, पेरावर पेर, दहा झाले की एक खडा बाजूला ठेवायचा, दहा खडे झाले की गोष्ट झाली. माझी माय अशीच कपाशीच्या ओळी मोजायची वेचणीच्या वेळी, ओंजळीतले तुरीचे दाणे एकेक करून ओटीत टाकत, त्यामुळं हे मोजणं मला कधी परकं वाटलं नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा लिहिली तेव्हा ती 109 शब्दांची झाली होती.

नऊ शब्द काढायचे होते. गोष्ट साधी होती, एका माणसाकडं बैलजोडी होती, त्यातला एक त्यानं विकला, आता एकाच बैलाला घेऊन तो संध्याकाळी वावरातून घराकडं यायला निघतो आणि वाटेत बैलाशी बोलतो. एवढंच. आणि हे सगळं खरं होतं, भाऊंना मी असं बोलताना रोज ऐकतो. त्यांनी जोडीतला एक विकला तो पोरीच्या ॲडमिशनसाठी, होस्टेलचे पैसे भरायचे होते आणि कापूस घरात पडून होता. तो 2024-25 चा हंगाम, हमीभाव क्विंटलला 7521 रुपये आणि व्यापारी त्याच्या खाली मागत होते, भाऊ म्हणाले थांबू, आणि थांबायला पैसे लागतात. तेव्हापासून वखरणी-डवरणीला त्यांचा एक आणि माझा एक अशी आम्ही जोडी करतो. गोष्टीत मात्र मी ॲडमिशन लिहिली नाही. कर्ज लिहिलं. कर्ज हा एका शब्दात होणारा विषय आहे, विदर्भ आणि कर्ज म्हटलं की वाचणाऱ्याला पुढचं काही सांगावं लागत नाही. पोरगी, होस्टेल, तिची फी, बापाला तिच्या शिक्षणाचं वाटणारं कौतुक, ह्याला पंधरा-वीस शब्द गेले असते.

नऊ शब्द कसे काढले ते मला एकेक आठवतंय. आमच्या बोलीत "जातोय" असं कोणी म्हणत नाही, "जाऊन रायलो" म्हणतात. "करून रायलो, पाहून रायलो." प्रमाण भाषेत एक शब्द लागतो तिथं आम्हाला दोन लागतात. गोष्टीत भाऊ चार ठिकाणी असं बोलत होते, मी चारही ठिकाणी "जातोय, पाहतोय" केलं. चार शब्द वाचले. हे करताना मला थोडं टोचलं होतं, खोटं कशाला बोलू, पण म्हटलं बाहेरच्यांना पण वाचायला सोपं जाईल. मग एका ठिकाणचं "आन् मंग" काढलं, दोन वाचले. भाऊ कुठलीही गोष्ट "आन् मंग" शिवाय पुढं नेत नाहीत, तो त्यांचा श्वास घ्यायचा शब्द आहे. आणि तीन शब्द राहिले तेव्हा मी "चाल रे ढवळ्या" हे आख्खं काढून टाकलं. बैलाला नाव नसलं तरी काय बिघडतं, बैल तो बैल. शंभर झाले. शेवटची ओळ अशी होती, "सकाळी बैल एकटाच घरी आला, मालक काही आला नाही." तिला मी हात लावला नाही. ती ओळ मला फार आवडली होती, सगळी गोष्ट त्या ओळीसाठीच तर रचली होती, कलाटणी म्हणतात तीच. गोष्ट शंभराची झाली त्या रात्री वावरातून घरी येताना मी फार खूश होतो हेही सांगितलं पाहिजे.

लोकांनीही तीच ओळ उचलून धरली. भराभर मतं पडली, शेवट अंगावर आला म्हणाले, विदर्भाचं वास्तव म्हणाले, एकानं तर लिहिलं की शेवट वाचून जेवण गेलं नाही. मी ओलितावर बसून हे वाचत होतो आणि पलीकडच्या वावरात भाऊ मोठ्यानं ढवळ्याशी बोलत होते. दोन्ही एकाच वेळी ऐकू येत होतं. मला त्यात तेव्हा काही विचित्र वाटलं नाही, हे मला आता जास्त लागतं.

आमच्याकडं ह्या शेवटाचा एक ठरलेला मजकूर आहे. पेपरात येतो, आतल्या पानावर, चार ओळी. गावाचं नाव, तालुका, वय, किती एकर, सततची नापिकी, बँकेचं कर्ज, पश्चात पत्नी, दोन मुलं, आईवडील. गेली पंचवीस वर्षं मी हे वाचतोय, शाळेत होतो तेव्हापासून, आणि शब्दही फारसे बदलले नाहीत, गाव आणि वय तेवढं बदलतं. पुढं तहसीलातून त्या माणसाची फाइल जिल्ह्याच्या समितीकडं जाते, एक लाखाची मदत द्यायची की नाही ते ठरवायला, आणि तिथं त्याचा शेवटी एकच शब्द होतो, पात्र नाहीतर अपात्र. आमच्या गावातल्या एकाचा अपात्र झाला होता, नावावर सातबारा नव्हता, बापाच्या नावावर होता. त्याची बायको तो कागद पदराच्या गाठीत बांधून फिरायची, ज्याला वाचता येतं त्याला काढून दाखवायची, जणू कोणीतरी त्यातला अ पुसून वाचेल. मी दहावीला असताना मलाही दाखवला होता. मी वाचला आणि तसाच घडी करून परत दिला. इतक्या थोड्या शब्दांत माणसाला बसवायचं काम आमच्याकडं आधीपासून चालूच आहे, आणि मी जी ओळ हौसेनं लिहिली ती त्याच मजकुरात जाऊन बसली. फरक एवढाच की माझा माणूस जिवंत होता आणि पाइप मागायला माझ्या घरी येत होता.

थोडक्यात बोलायची खरी स्पर्धा मी लहानपणापासून पाहिलीय ती पोळ्याला. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सहा शब्द. वर्षभर मानेवर जू ठेवणाऱ्याला एवढ्या मानानं बोलावणं, आणि त्यात एक शब्द इकडचा तिकडं करायची कोणाला गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण, बैलांच्या रांगा, झुली, बाशिंगं, नवे कासरे, वारनिशाचा आणि शेणाचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास, आणि मग झडत्या सुरू होतात. एका रांगेतून एकजण झडती टाकतो, दुसऱ्या रांगेतून त्याला उत्तर जातं, चार ओळींत ज्याला जे म्हणायचं ते म्हणून मोकळं व्हायचं, सावकार असो, पुढारी असो, पाऊस असो, घरातली भांडणं असो. भाऊंचे वडील ह्यात फार तरबेज होते, भाऊही आहेत. बोंडअळीनं 2017 ला सगळ्या कपाशीचा भुगा केला, त्याच्या पुढच्या पोळ्याला तोरणाखाली सगळे गप्प गप्प होते, वाजंत्री पण ढिली वाजत होती, तेव्हा भाऊंनी दुपट्टा कमरेला बांधला आणि टाकली,

"पऱ्हाटी पेरली, बोंडं लागले चार,
दोन नेले अळीनं, दोन गेले उधार,
बैल म्हने मालकाले काऊन होतं बेजार,
फुडच्या पोयाले घालजो मले घुंगराचा हार,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

आखर असा गरजला की बैल बुजले. माझ्या अंगावर आजही काटा येतो ते आठवून. अळी पण आली त्यात आणि उधारी पण आली, काही लपवलं नाही, आणि चौथ्या ओळीत तो बैल पुढच्या पोळ्यावर जाऊन उभा राहिला. मी ही झडती तिथंच मोबाइलमध्ये लिहून घेतली होती, अजून आहे. शब्द किती ते मात्र आजपर्यंत मोजले नाहीत, मोजावेसे वाटले नाहीत.

त्या रात्रीनंतर आठ-दहा दिवसांनी मी मोर्शीला काही कामानं गेलो होतो, येताना रिद्धपूरला थांबलो. महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या जागेवर माणसांची ये-जा असतेच, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही आलंय, पण गावाच्या आत शिरलं की अजून ती जुनी शांतता लागते, पांढरीच्या मातीचा वास, निळे-काळे कपडे घातलेली साधू मंडळी सावलीत बसलेली. तेराव्या शतकात इथंच म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांनी ज्याच्याज्याच्याजवळ स्वामींची आठवण होती त्या प्रत्येकाकडं जाऊन ती विचारून घेतली. एकेक लीळा केवढीशी असते, काही तर पाच-सहा ओळींच्या. पुढं केशिराजांनी त्यातूनच स्वामींचे दृष्टांत वेगळे काढले, 114 आहेत, तेही असेच ओंजळीएवढे. हत्तीला हात लावून पाहणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत आम्हाला शाळेत होता, एकाला हत्ती खांबासारखा वाटतो, एकाला सुपासारखा. मी तिथं ओट्यावर बसलो होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की म्हाइंभट विचारायला गेले होते. इतकं थोडं लिहायचं होतं तरी गावोगाव चालत जाऊन विचारलं. माझा माणूस तर धुऱ्याच्या पलीकडं होता, हाक मारली असती तर ओ दिली असती.

मला आखुड लिहिणं सोडायचं नाही, अजूनही मला ते तितकंच आवडतं. हमीभाव केंद्रावर कापसाची ओल मोजतात, 8 टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला पैसे कापतात, 12 च्या वर गेली की गाडी परत पाठवतात, आणि भाऊ दरवर्षी त्यावरून एकच बोलतात की अरे, थो कापूस वावरातून आला, ओला तं राहीनच. ओल कापसाची पण असते आणि बोलण्याची पण. मी "आन् मंग" काढला, "रायलो" काढला, ढवळ्या काढला तेव्हा गोष्ट खडखडीत कोरडी झाली, भाव चांगला लागला. ह्यातलं काय चूक काय बरोबर ते मला अजूनही नीट मांडता येत नाही. कारण ती गोष्ट वाचून दूर कुठं बसलेल्या माणसाला खरंच वाईट वाटलं होतं, ते वाईट वाटणं खोटं नव्हतं. आणि ती पोरगी रडली तेही खोटं नव्हतं. बैल तिच्या फीसाठी विकला गेला होता, म्हणजे त्या रात्री तिनं त्या शेवटच्या ओळीत स्वतःलाच वाचलं असणार, आपल्यापायी झालं असं. ही गोष्ट मला दोन-तीन दिवसांनी अचानक लक्षात आली, मी संत्र्याच्या आळ्यात पाणी सोडत होतो, आणि मला तिथंच खाली बसावं लागलं.

भाऊंना मी मार्चात सांगितलं, हरभरा सोंगून झाल्यावर. निंबाखाली जेवायला बसलो होतो, ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. म्हटलं भाऊ, तुमच्यावर लिवलं होतं मी, वाचून दाखवू का. त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि नीट मांडी घालून बसले, पोथी ऐकायला बसतात तसे. मी वाचली. शंभर शब्द वाचायला मिनिटभरही लागत नाही, पण मला वाचवत नव्हती, शेवटच्या ओळीला आवाज इतका खाली गेला की त्यांनी "काय म्हनलं?" विचारलं आणि मला ती ओळ पुन्हा मोठ्यानं वाचावी लागली. भाऊ बराच वेळ नाल्याकडं पाहत राहिले. मला वाटलं आता रागावतील, रागवावं असंही वाटत होतं. पण ते म्हणाले, "मंग थो गेला कुठी?" मी गप्प. "बैल घरी आला, मालक नाही आला म्हनतं. मंग गेला कुठी थो? गेला असन नं कुठीतरी." मी काय सांगणार, मी त्याला कुठं पाठवलं होतं ते मला तोंडातून काढता आलं नाही. भाऊंनीच भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "बैलबजारात गेला असन. जोडी लावाले." आणि मग ते त्याच्यावर रंगले. बैल कोणत्या बजारात बरे मिळतात, दातावरून वय कसं पाहायचं, ढवळ्याच्या उंचीला कसा जोडीदार लागेल, किती पैसे कमी पडतील. आन् मंग, आन् मंग, आन् मंग. अर्धा तास ते त्या माणसाला बजारात फिरवत होते आणि मी ऐकत होतो.

पोरीला मात्र मी सांगू शकलो नाही. निकाल लागला, नावं उघड झाली, माझ्या गोष्टीचा दुसरा नंबर आला होता, घरी मी कोणाला बोललो नाही. ती उन्हाळ्यात येऊन गेली, आमच्याकडं आंब्याचा रस खायला आली, वासराच्या गळ्यात हात टाकून बसली, बोलली चालली, आणि मी दरवेळी उद्या सांगू म्हणून राहून गेलो. शेवटी पोळ्याला सांगितलं. ती दोन दिवसांसाठी घरी आली होती, आखराच्या कडेला बायका-पोरी उभ्या राहतात तिथं उभी होती. भाऊ आणि मी आमची जोडी घेऊन रांगेत होतो, त्यांचा ढवळ्या आणि माझा एक, दोघांची शिंगं भाऊंनी एकाच रंगानं रंगवली होती. पाऊस नुकताच उघडला होता, झुली ओल्या होऊन जड झाल्या होत्या. मी कासरा भाऊंच्या हातात देऊन तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं बाई, ते फेब्रुवारीतली गोष्ट मी लिवली होती. ती म्हणाली, "मले मालूम हाये काका. मार्चमधीच मालूम झालं, नाव आलतं नं."

मला पुढं काय बोलावं सुचेना. माफी मागायची म्हणून मनात जे जुळवून ठेवलं होतं ते सगळं गेलं. ती तोरणाकडं पाहत होती, बापाकडं, ढवळ्याकडं. मग तिनं विचारलं, "त्यात ढवळ्याचं नाव काऊन नाही टाकलं?"

म्हटलं, टाकलं होतं वो. "चाल रे ढवळ्या" होतं आधी. शब्द जास्त होत होते, शंभरच पाहिजेत म्हणून काढा लागलं.

"किती जास्त होत होते?"

"नऊ."

तिनं तोरणाकडं पाहतच ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं आणि एका हाताची बोटं मिटली, मग दुसऱ्या हाताची, एक करंगळी तेवढी उघडी राहिली. ती ओळ तिला पाठ होती. "मंग काका," ती म्हणाली, "शेवटची ओळच काढाची होती. ते बी नऊचीच हाये."

मी मोजलं. सकाळी, बैल, एकटाच, घरी, आला, मालक, काही, आला, नाही.

तिकडं भाऊंनी दुपट्टा कमरेला बांधला होता आणि सगळा आखर त्यांच्या झडतीसाठी थांबला होता.